बारावी बरणी

एनोरा एकटी, छोट्या बोटीतून, जगाला वळसा घालायला निघाली. त्यात तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर निघण्याचा. पुढचा समुद्र त्यामानाने समजूतदार होता.

सव्वीस वर्षं ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर, आमच्या ब्रिटनीतल्या बंदरगावी शाळेत स्वयंपाक करायची. रोज तीनशे पोरांकडून ‘गाजर नको’ ऐकून तिला माणूस नसलेल्या जागेची ओढ लागली असावी, असा माझा अंदाज. ‘लाबूस’ ही चोवीस फुटी बोट तिने एका विधवेकडून घेतली आणि नऊ वर्षं खरवडत बसली. तिची शिडं मी शिवली. त्यातलं एक तिने चारदा उसवायला लावलं, त्याबद्दल मी गप्पच राहतो.

निघायचा दिवस ऑक्टोबरातला. पूर्वेचा वारा दोनच दिवस टिकणार होता, मागे पश्चिमेची वादळं रांगेत उभी. आज सुटलं नाही, तर दक्षिणेत पोचेपर्यंत तिथला उन्हाळा संपणार. म्हणजे आणखी एक वर्ष थांबा. त्यात बंदराचा पाणी अडवणारा दरवाजा भरतीपुरताच उघडा, साडेअकराला बंद.

साडेनऊपासून गाव धक्क्यावर, प्रत्येकाकडे एक सल्ला. दहाला तिफेन मावशी आली. एनोराच्या आईची बहीण, ऐंशीची, आतल्या शेतावर समुद्राकडे पाठ करून आयुष्य काढलेली. ती थेट बोटीवर चढली.

“अगं, माझ्या बरण्या बघितल्यास का? काल तू नव्हतीस, तेव्हा ठेवून गेले, जागा मिळेल तिथे. बारा आहेत. तुझ्यासाठी सहा ससे कापले, वाटले, भाजून भरले.”

अख्खा धक्का दोन पावलं मागे सरला.

‘ससा’ हा शब्द मी आत्ता घरात बसून लिहितोय, तोही खिडकी लावून. आमच्याकडे तो प्राणी बोटीवर न्यायचा नाही, शिजवूनसुद्धा नाही, आणि त्याचं नावही काढायचं नाही. लांबकान्या म्हणायचं. पूर्वी तो बोटीतले दोर कुरतडायचा म्हणे. आता दोर नायलॉनचे झाले, आम्ही तेच राहिलो.

दरवाजा सांभाळणाऱ्या गोल्वेनने टोपी काढली, मयताला काढतात तशी. “मावशी, बोटीवर उभं राहून बोललात.”

“मग काय पाण्यात उभं राहून बोलू?”

एनोराने कपाळाला हात लावला. “काढा सगळं बाहेर.”

“तुझा विश्वास आहे यावर?” मी विचारलं.

“काडीचा नाही. पण तिकडे खाली डोलकाठी मोडली, तर मला ती बरणीच आठवत बसेल. मला एकटीने जायचंय, बरणीला घेऊन नाही.”

दहा महिन्यांचा शिधा, नऊ वर्षं विचार करून रचलेला, आम्ही तासाभरात धक्क्यावर आणला. कणकीची एक गोणी फुटली. सल्ले चालूच होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी अकरा बरण्या मिळाल्या होत्या. बारावीचा पत्ता नाही.

“पाच मिनिटं ताणतो,” गोल्वेन म्हणाला. “पुढे भरती माझं ऐकत नाही.”

एनोरा रिकाम्या बोटीत बसली. नऊ वर्षांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.

“अकराच होत्या,” मावशी म्हणाली.

“बारा म्हणालीस.”

“एक मी खाल्ली. चव बघायला.”

“अख्खी?”

“आता म्हातारीचे घास मोजा सगळे मिळून.”

ही बाई कोंबडीच्या आधी अंडी मोजून ठेवते. मोजण्यात चुकले, असं तिच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. एनोराने तिच्याकडे बघितलं, मग दरवाज्याकडे. “टाका आत.”

बरण्या सोडून आम्ही सगळं टाकलं, पडेल तसं. अकरा तेहतीसला ‘लाबूस’ बाहेर पडली. हात हलवायचा राहिलाच; तिच्या दोन्ही हातांत कणीक होती.

जानेवारीत माझ्याकडे निरोप आला. “आफ्रिकेच्या खाली. सहा दिवस वादळ होतं. पाण्याच्या टाकीमागे लांबकान्या सापडला. खाल्ला. डोलकाठी जागेवर आहे. मिरी जास्त झालीय. गोल्वेनला सांगू नका.”

मी शेतावर जाऊन मावशीला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

“पोचली ना तिथवर?”

“पोचली.”

“बाराच होत्या. मी चुकत नाही.” मग तिचं तोंड वाकडं झालं. “आणि मिरी मी मोजून घालते. सहा सशांना दोन चमचे. कळव तिला.”

मी कळवलं. फक्त ‘सहा लांबकान्यांना’ असं लिहिलं.