वारा पडला, म्हणून बस्त्यावचे कर्णधारपद जावे का?

सभासद मित्रहो, आजच्या पराभवाविषयी हे मंडळाच्या फलकावर लावत आहे.

मागील मोसमांच्या नोंदींवरून स्पष्ट दिसते की, उत्तरार्धात समुद्राचा वारा पाठीशी असल्यास आपला फुटबॉल संघ बहुधा जिंकतो. म्हणून नाणेफेक जिंकूनही कर्णधार बस्त्यावने माझ्या सांगण्यावरून आधी वाऱ्याविरुद्ध खेळणे पत्करले.

"वारा त्यांना आंदण दिलास काय रे?" आपलेच पाचूबंदरचे प्रेक्षक ओरडले. तेवढ्यात आपल्यावर गोल झाला.

मध्यंतरानंतर बस्त्याव माझ्याजवळ आला. "काका, झाडाचं पानसुद्धा हलत नाही!"

वारा पूर्ण पडला होता. आपण त्याच एका गोलने हरलो.

आता बस्त्यावला कर्णधारपदावरून काढण्याची मागणी होत आहे. एका सामन्याने सगळ्या नोंदी निरुपयोगी ठरतात, असे आपणांस खरोखर वाटते का? वाटत असल्यास मला जाब विचारा. सल्ला माझा होता.