चेअरमनच्या आवाजातलं उत्तर

आमच्या कारखान्याच्या चेअरमनचा आवाज मला लय झक्कास जमतो. नाकातनं बोलायचं, दर चार शब्दांनी खाकरायचं, आन् 'बंधूंनो' म्हणताना मान बगळ्यागत म्होरं काढायची. कॉलेजच्या गॅदरिंगला ह्याच आवाजानं मी बक्षीस मारलं. ह्याच आवाजानं माजं पुढचं दोन दात गेलं.

त्या हंगामात ऊसाचं आंदोलन तापलं व्हतं. मागणी साधी. कारखाना साखरेचा हिशोब दाखवून आमाला भाव देतो, आन् रसाचं इथेनॉल करून पेट्रोलात घालाय इकतो. त्यातला आमचा हिस्सा ठरवा, तवर एक कांडकं बी कारखान्यात जाऊ द्यायचं न्हाई. सभेत माजा चुलता सगळ्यात म्होरं बसून घोषणा देत व्हता.

आन् दुसऱ्याच दिवशी त्याच्या रानात तोड आली. तोड आली म्हंजे कारखान्याची टोळी कोयतं घिऊन बांधावर हुबी. नको म्हणलं की तोडीचा नंबर पार शेवटाला, तवर उभ्या रानात उसाचं चिपाड. चुलत्यानं लय येळ डोकं खाजवलं. मग म्हणला, तोडा.

ट्रॉली भरून चुलता आन् मी कारखान्याकडं निघालो, तर कुंडलच्या अलीकडं फाट्यावर आंदोलनाच्या पोरांनी ट्रॅक्टर अडवला. कालच्या सभेतलीच समदी. एकानं ट्रॉलीच्या टायरात कोयता घातला. मफलर गुंडाळलेल्या एका धिप्पाड गड्यानं चुलत्याला कॉलर धरून खाली वढला.

"आवं दादा, काल घोषणा आन् आज ऊस व्हय?" असं आदरानं इचारून त्यानं कानाखाली वाजवली.

मला वाटलं, हसवलं की सुटू. बॉनेटवर चढलो, मान काढली, खाकरलो. बंधूंनो, तुमचा ऊस हा आता नुसता ऊस नाही, देशाचं इंधन आहे. पोरं फिदीफिदी हसली. शिट्ट्या पडल्या. मफलरवाला बी हसत म्हणला, "मग चेअरमनसायेब, आमचा हिस्सा कवा देताय?"

तिथं गप बसायचं का न्हाई! पण आवाज अंगात आला की उत्तर बी त्याचंच येतं.

"पुढच्या हंगामात," मी खाकरलो, "सकारात्मक विचार करू."

हसू तुटलं. मफलरवाल्याची काठी थेट तोंडावर बसली. मी खाली पडलो तर पोटात लाथा, आन् शिव्या समद्या चेअरमनच्या नावानं. चुलत्यानं सीटखालचा पाना काढून मफलरवाल्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी पडल्या जागी ऐकला. मग पाच-सा पोरं चुलत्यावर तुटून पडली. कुणीतरी ट्रॉलीवर डिझेल वतलं.

चुलता उठला तवा कपाळ फुटून रगत डोळ्यात उतरलं व्हतं.

"थांबा. ऊस माजा हाय. मीच पेटवणार."

पोरं मागं सरली. त्यानं ट्रॉली जोडलेली पिन काढली, ट्रॅक्टर लांब नेऊन लावला, परत आला आन् काडेपेटीसाठी हात पसरला. मफलरवाल्यानं धड हातानं खिशातली दिली.

पाचट भडाडलं. कांडी तडातडा फुटाय लागली, रस उकळून डांबरावर गळाय लागला. कुणीतरी घोषणा सुरू केली. चुलत्यानं तिकडं बघितलं, तशी ती तिथंच इझली.

ट्रॅक्टर तेवढा शाबूत व्हता. त्याच्यावरच चुलता, मी आन् मफलरवाला सांगलीला दवाखान्यात निघालो. मडगार्डवर खांदा धरून बसलेला मफलरवाला खड्ड्यात इव्हळला, "दादा, जरा हळू."

चुलत्यानं ट्रॅक्टर हळू केला.