आमच्या चुलीवरचा रानसुरण

लग्न होऊन मी मंठ्याजवळच्या गावात आले आणि वर्षाच्या आत बहात्तरचा दुष्काळ पडला. मी आणि माझा नवरा दोघंही तलावाच्या कामावर. तो खडी फोडायचा, मी पाट्या उचलायची. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या घरी बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कुदळ घेऊन कामाच्या जागेमागच्या टेकडीवर जायच्या आणि रानसुरणाचे गड्डे खणून आणायच्या.

रानसुरण म्हणजे विषच. कच्चा जिभेला लागला तर तोंडात सुया टोचल्यागत होतं. पण आत्याबाईंच्या वडिलांनी त्याला कितीतरी कामाला लावलं होतं. मूळव्याधीवर सुकवलेल्या फोडी, बैलाच्या जखमेत किडे पडले की कच्च्याचा ठेचा, आणि धान्य संपलं की जेवण. उकळून काढलेलं पाणीसुद्धा आत्याबाई फेकत नसत. ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यात ओतायच्या.

गावातली एक बाई आमच्याच टोळीत पाट्या उचलायची. घर चांगल्या शेतीवालं, पण त्या वर्षी शेतात काय होतं? तिनं आमचं बघून एक गड्डा नेला आणि बटाट्यासारखा उकडून घरच्यांना वाढला. दिवस मावळायच्या आत तिच्या नवऱ्याची जीभ सुजली, सासऱ्याला थुंकीही गिळता येईना. आत्याबाईंना बोलावणं आलं. त्या चिंच घेऊन धावत गेल्या, अंगणात उभ्या राहून चिंचेच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. उंबऱ्याच्या आत कुणी या म्हणालं नाही. आम्ही बौद्ध. धर्म बदलून इतकी वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो.

माणसं बरी झाली, पण गावानं ठरवलं, रानसुरणाला कुणी हात लावायचा नाही. आत्याबाई चिडल्या. "माळावर अन्न पडलंय आन् लोक उपाशी मरून राह्यले!"

मग एका संध्याकाळी तीच बाई आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "मावशी, आमच्या गोठ्यात येऊन शिकवता का? बराबर कसं शिजवायचं ते?"

"चूल माझी हितं हाये," आत्याबाई म्हणाल्या. "शिकायचं असंल तर हितं ये. आन् शिजल्यावर माझ्या हातचं खाऊन जायचं. खायचं नसंल, तर मंग शिकायचं तरी कशाला?"

मी घाबरले. ती आल्या वाटेनं निघून गेली. मी म्हणाले, "आत्याबाई, गाव उठंल आपल्यावर."

"उठू दे. मी काय वाईट बोलले?"

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी होती. ती आली, आणि सोबत तिच्या आळीतल्या आणखी दोघी. आत्याबाईंनी हाताला राख चोळून गड्डा सोलला, पातळ चकत्या केल्या, चिंचेच्या पाल्यात उकळल्या. ते पाणी काढून पुन्हा ताज्या पाल्यात उकळल्या. बोटानं दाबून मऊ झाल्याची खात्री केली. "घाई केली की खाजतो," एवढंच त्या शिकवताना म्हणाल्या. मग तिखटमीठ लावून पहिली फोड स्वतः खाल्ली आणि सगळ्यांसमोर बसून राहिल्या. थोड्या वेळानं मीही खाल्ली.

त्या बाईनं हात पुढं केला. आत्याबाईंनी तिच्या तळहातावर फोड ठेवली. तिनं ती हळूहळू चावली.

"खाजत न्हाई की वं!" ती म्हणाली आणि आमच्याच माठातलं पाणी मागितलं.

मीच तांब्या भरून दिला. माझी मान ताठ होती. आजवर आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. आमचा तांब्या हातात घेऊन पिणारी मी पहिल्यांदा पाहिली.

त्या वर्षी टेकडीवरच्या गड्ड्यांवर गावातली बरीच घरं तगली. फोडी वाळवून घराघरांत टांगल्या गेल्या. पुढं पाऊस झाला, पिकं आली, आणि सोबत आलेल्या त्या दोघी पुन्हा आमच्या सावलीपासून लांबून जाऊ लागल्या. ती मात्र तशी झाली नाही. तिच्या लेकीच्या लग्नात ती स्वतः आमच्या दारात बोलवायला आली, आणि आत्याबाई मांडवात पहिल्या पंगतीला बसल्या. त्यांच्या शेजारच्या पाटावर मी होते.