उलट्या नदीचा राजा

सोलापूरच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन आला तेव्हा मिल चालू होती. आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी मशीन बंद केली, आणि तेवढ्यावरूनच अंगणात तूर निवडणाऱ्या बायकांना कळलं. मामा गेले. मामा म्हणजे माझे सासरे. नळदुर्गच्या हायवेलगतची ही छोटी डाळमिल त्यांचीच. कुणी रडलं नाही. त्यांच्यातल्या महादेवीबाई म्हणाल्या, "राजा तटावर उभाच हाय की वो अजून…" मला तेव्हा त्यांचा रागच आला.

हा राजा मेघमल्ल म्हणजे मामांनी स्वतः रचलेल्या गोष्टीतला. दुपारची भाकरी झाली की ते दाराशी पोत्यावर बसायचे आणि बायकांची सुपं हलत असताना राज्यकारभार सुरू व्हायचा. त्या राज्यातली नदी दिवसा नीट वाहायची, तिन्हीसांजेला उलटी फिरून डोंगर चढायची. राजाचा मुकुट प्रत्येक अन्यायागणिक जड व्हायचा, आणि मामा मान वाकडी करून तो किती जड झाला ते दाखवायचे. ऐकणारीला अर्जी करता यायची. राजानं दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचाच. नाही म्हणायचं तर कारण सांगायचं. एकदा सांगितलेलं मागं घ्यायचं नाही, हा कायदा खुद्द मामांनाही लागू. मी नवी नवरी असताना अर्जी टाकली, की राजवाड्यातल्या सुनांना माहेरी जाताना कुणाची परवानगी लागू नये. फर्मान निघालं, आणि मग आमच्या घरातही ते मोडायची कुणाची टाप नव्हती!

याच कायद्यानं राणी गेली. मामांनी बोलण्याच्या ओघात तिला संध्याकाळी नदीत उतरवलं. "आन् मामा, संध्याकाळी तर नदी उलटी फिरती न्हवं?" महादेवीबाईंनी विचारलं. सगळी सुपं थांबली. मामांना सहज एखादी नाव आणता आली असती. ते म्हणाले, "चूक माझी हाय. पण राणी बुडाली." बायका त्यांच्याशी चार दिवस धड बोलल्या नाहीत.

पुढं सासूबाई गेल्या. मामा पुन्हा पोत्यावर येऊन बसले त्या दुपारी महादेवीबाईंनीच अर्जी केली, "राणीला तेवढं माघारी आणा. आमच्यासाठी न्हाय, तुमच्यासाठी." मामा डाळीवरून हात फिरवत म्हणाले, "गेलेलं माणूस माघारी येत न्हाय, बाई. खोटं राज्य करून काय करू?" त्यानंतर राजा स्वतः भाकरी थापायला शिकला. मामाही शिकले. दोघांच्याही भाकरीला कडा कधी आली नाही.

यंदा राजा म्हातारा झाला. दारात शत्रूची फौज, गादीला वारस नाही, आणि मुकुट हातात घेऊन तो तटावर चढला. गोष्ट तिथवर आली आणि मामा आजारी पडले. मी दवाखान्यात विचारलं, "पुढं काय होतं, मामा?" ते हसले. "मला काय ठावं? बाया काय मागत्यात त्याच्यावर हाय सगळं."

मामा गेल्यावर मिल पुन्हा सुरू झाली, पण अंगण मुकं झालं. हे म्हणाले, "टेप लावून दे, गाणी ऐकतील." मी म्हटलं, गाणी नकोत. मामांच्या जिवावर उभं राहिलेलं राज्य असं बेवारस पडू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. दुसऱ्या दुपारी भाकरी झाल्यावर मी पोत्यावर जाऊन बसले. कुणी काही म्हणायच्या आत महादेवीबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझी अर्जी हाय. राजा मरू नये."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं! राजा माझ्या हातात होता, आणि त्या बायकांनी एवढंच तर मागितलं होतं. मला मामांचा फार राग आला, फार आठवणही आली.

"अर्जी नामंजूर," मी म्हटलं. "राजा रात्रीच वारला, तटावरच. थकला होता."

महादेवीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग अख्खं अंगण रडलं. मामा गेल्यापासून साठलेलं सगळं. मीही रडले, पोत्यावरून न उठता. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा महादेवीबाईंनी नाक पुसलं, सूप उचललं, डाळ पाखडली.

"मंग," त्या म्हणाल्या, "मुकुट कुणी उचलला?"