सूतभर जास्त

मिस्त्रींना नाव होतं, पण दवाखान्याच्या कागदापलीकडे ते कधी वापरात आलं नाही. गल्लीत, कारखान्यात, घरात, सगळीकडे ते मिस्त्रीच. बायकोचा पारा चढला की तीही "अहो मिस्त्री, कान जागेवर आहेत ना?" असंच विचारायची. चाळीस वर्षं या माणसानं दारं-खिडक्या केल्या. त्यांचं एकही दार कधी कुरकुरलं नाही. ती कसर मिस्त्री स्वतः भरून काढायचे.

कुरकुरीचा विषय ठरलेला असे, तो म्हणजे गवंडी. गवंड्यानं सोडलेली खिडकीची जागा कधीच मापात नसते असं त्यांचं ठाम मत होतं आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा खरं निघे. म्हणून उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी उस्तादानं लावलेली सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. माप घ्यायचं आणि त्यात एक सूत वाढवून लिहायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. जागेवर बसवताना तेवढं रंध्यानं काढून टाकता येतं, कमी पडलेलं लाकूड मात्र ओढून लांब करता येत नाही. पुढे पुढे तर हे सूत डोक्याला न विचारताच हातातून कागदावर उतरायला लागलं.

मग बाजारात तयार दारं आली आणि मिस्त्रींनी कारखाना बंद केला. घरी बसले ते स्वस्थ बसले असते तर प्रश्न नव्हता. महिनाभरात त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट उतरवून पुन्हा लावलं. शेवटी बायकोनं लेकीला सांगितलं, "यांना तुझ्या कामावर घेऊन जा बाई. नाहीतर मला तरी घेऊन जा."

लेक इमारतींचे आराखडे करायची. सोळा कुटुंबांची जुनी इमारत पाडून त्या जागी चार मजली नवी बांधायची, हे तिचं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं पहिलं काम. पाया तेवढा काँक्रीटचा, वर भिंती, जमिनी, जिना, सगळं लाकडाच्या जाड पॅनेलांचं. फळ्यांचा एक थर उभा, त्यावर एक आडवा, असे पाच थर चिकटवून दाबायचे की पाच इंच जाडीची अख्खी भिंत तयार. दारा-खिडक्यांची भोकं पॅनेलांच्या कारखान्यातलं यंत्रच पाडून देतं. पॅनेलवर नंबर घालून ते ट्रकवर चढतं आणि जागेवर क्रेननं उचलून बसवायचं. मिस्त्रींनी नमुन्याच्या तुकड्याचा वास घेतला, नखानं ओरखडून पाहिलं आणि "प्लायवूडचा पैलवान भाऊ दिसतोय" एवढंच म्हणाले. पण तो तुकडा त्यांनी परत काही दिला नाही.

सोळा कुटुंबांना पटवणं मात्र सोपं गेलं नाही. लाकूड पेटेल, लाकूड कुजेल, वरच्या मजल्यावर पोरं नाचली की खालच्यांची झोप उडेल. जाड लाकूड वरून कोळसा होतं आणि आतलं बराच वेळ तग धरून राहतं, हे लेकीनं जळका तुकडा दाखवून समजावलं. रहिवाशांच्या समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत आणि सगळे घाबरत. बाईंनी अट घातली, "मागची लांब भिंत तीन दिवसांत ओळंब्यात उभी करून दाखवा. दाखवलीत तर वरचे मजले लाकडाचे. नाहीतर मुकाट्यानं विटा."

नेमका मागच्या बाजूचा पाया गवंड्यानं किंचित तिरका ओतला होता, त्यामुळे त्या भिंतीच्या आठही पॅनेलांची मापं जागेवर पुन्हा घ्यावी लागणार होती. लेकीनं टेप वडिलांच्या हातात दिला. मिस्त्रींची छाती इतकी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. त्यांनी डोळ्यात तेल घालून मापं घेतली, वहीत लिहिली, आणि लेकीनं ते आकडे जसेच्या तसे कारखान्याला पाठवले.

पहिल्या दिवशी क्रेननं पहिलं पॅनेल उचललं. ते पायावर अलगद बसलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनं प्रत्येक पॅनेल कुठे संपायचं तिथे पायावर खडूची रेघ मारून ठेवली होती. पहिलं पॅनेल रेघेच्या पुढे किंचित गेलं होतं, पण खडूची रेघ जाडच असते. दुसऱ्यानं रेघ पूर्ण झाकली. तिसऱ्याला मुकादमानं डोकं खाजवलं. चौथं पॅनेल रेघेच्या चांगलं अर्धा इंच पुढे जाऊन बसलं आणि लेकीनं हात वर करून क्रेन थांबवली.

मिस्त्रींना तिसऱ्याच पॅनेलला कळलं होतं. एक सूत, दोन सूत, तीन सूत. आठव्यापर्यंत पुरता एक इंच होणार आणि भिंत पायाच्या कोपऱ्याबाहेर जाणार. मुकादम पायाला दोष देत होता, गवंडी कारखान्याला. फोनवर कारखानेवाल्यांनी काखा वर केल्या: तुम्ही पाठवले तेच आकडे, तंतोतंत कापलेत. या सगळ्यात मिस्त्री मूग गिळून उभे होते. मी म्हणतो, चाळीस वर्षांत ज्याचं एक दार परत आलं नाही त्या माणसाला शब्द फुटायला वेळ लागणारच. पण लागला तो वेळ काही त्यांना शोभला नाही, हेही खरं.

चार वाजता बाई आल्या. लेक पुढे झाली. चेहरा उतरलेला होता, पण आवाज तिनं सांभाळला.

"बाई, चूक माझी आहे. आकडे पाठवण्याआधी मी तपासायला हवे होते."

मिस्त्री तरातरा मधे आले.

"तिची नाही. आकडे माझे आहेत. प्रत्येकात मी एक सूत वाढवलंय."

"वाढवलंत?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"रंध्यासाठी."

गवंडी फिस्सकन हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याचं हसू जागीच विरलं. लेक मात्र वडिलांकडेच बघत होती.

"बाबा, मी तुम्हाला कारखान्यात नेऊन ते यंत्र दाखवलं होतं."

"दाखवलं होतंस."

"ते केसभरही चुकत नाही, सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"हातानं ऐकलं नाही, पोरी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं. धरणीवर काँक्रीट ओतलेलं असल्यामुळे तीही सोय नव्हती. कारखान्यातून नवी पॅनेलं यायची तर आठ दिवस लागणार होते. बाईंनी घड्याळात पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "दोन दिवस अजून आहेत. ठरल्याप्रमाणे मी परवा चारला येईन."

त्या गेल्यावर मिस्त्री लेकीजवळ जाऊन उभे राहिले. "प्रत्येकात एकच सूत आहे. एका कडेचं काम आहे. मला उद्याचा दिवस दे."

लेकीनं आराखडा उघडला, स्क्रू कडेपासून किती आत येतात ते पाहिलं, खिडकीची बाजू पाहिली. "खिडकीकडच्या कडेला हात लावायचा नाही. तिच्या समोरची कड. रेघ मी मारणार आणि रेघेवर थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पॅनेलं उतरवली आणि आठही लाकडी घोड्यांवर आडवी घातली. मुकादमानं विजेचा रंधा धरला, त्यानं वरवरचं काढलं. शेवटचं काम मिस्त्रींच्या हातरंध्याचं. हे लाकूड भलतंच खोडकर निघालं. उभ्या थरांवर पातं सुळकन जायचं आणि आडव्या थरांची टोकं आली की ठेचकाळायचं, चिरफळी उडवू बघायचं. पहिल्या कडेचा कोपरा थोडा उडालाच. मग मिस्त्रींनी पातं घासून वस्तऱ्यासारखं केलं आणि दोन्ही टोकांकडून मधे असा रंधा चालवायला घेतला. पाठ भरून आली, बोटं आखडली, पण कुरकुर म्हणून केली नाही. बायको डबा घेऊन आली, तिला तेच फार काळजीचं वाटलं. "यांना ताप आहे का ग?" तिनं लेकीला हळूच विचारलं.

तिसऱ्या दिवशी आठवं पॅनेल खाली येताना सगळे पायाकडे वाकून बघत होते. ते सातव्याच्या कडेला घासून उतरलं, मुकादमानं मोगरीचे दोन ठोके दिले आणि पॅनेल खडूच्या रेघेवर बसलं. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. बाई चारला दोन मिनिटं असतानाच हजर झाल्या. त्यांनी पिशवीतून घरून आणलेला स्वतःचा ओळंबा काढला आणि आठही ठिकाणी लावून पाहिला. मग भिंतीवर तळवा टेकवून जरा वेळ उभ्या राहिल्या.

"गार नाही लागत," त्या म्हणाल्या. "वरचे मजले लाकडाचेच करा."

माणसं पांगली. मिस्त्री खाली बसून हत्यारं पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "वरच्या मजल्याच्या मापांना दुसरं कोणी बघ. माझ्या हाताचा भरवसा नाही."

लेक त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. तिच्या हातात वही होती. "काल रंधा मारायच्या आधी मी आठही पॅनेलं मोजली, बाबा. लेझरच्या यंत्रानं, जागेशी ताडून. प्रत्येकात तीन मिलिमीटर जास्त होते. एकात दोन नाहीत, एकात चार नाहीत. तिरक्या पायावर, साध्या टेपनं, आठही वेळा तीनच."

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला.

"टेप तुम्हीच धरायचा," ती म्हणाली. "आकडा मी लिहिणार. चला, उजेड आहे तोवर एक घेऊन टाकू."

दोघं उठून भिंतीपाशी गेले. मिस्त्रींनी टेप ताणला, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी."

लेकीनं पेन्सिल वहीवर टेकवली, पण लिहिलं नाही. "आणि?"

मिस्त्रींनी टेप सोडला, तो सर्रकन डबीत गेला.

"आणि काही नाही," ते म्हणाले. तिनं आकडा लिहिला.