मास्तरीणबाईंची कादंबरी

ती घटना आठवली की आजही हात आपोआप सलामासाठी उठतो.

मी तेव्हा पौड ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी कोळवण खोऱ्यातला एक शेतकरी हातात पुस्तक घेऊन आला. त्याच्या गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी लिहिलेली ती खुनाची कादंबरी होती, पुण्यात छापलेली.

"सायेब, ह्यातली हीर आमच्या गावची हाय," तो म्हणाला. "आतनं उंबर वाढलेली, दगडांनी बुजवलेली. तसली दुसरी न्हाई."

त्या गावातला एक तरुण मागे बेपत्ता झाला होता. मुंबईला गेला असेल, असं सगळे धरून चालले होते. मी पंच बोलावले, विहीर मोकळी केली. तळाशी हाडं निघाली. कवटी मागून फुटलेली. कादंबरीतही घाव तिथेच होता. कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून आईने मुलगा ओळखला.

मास्तरीणबाई विधवा, एकट्या राहत. चौकशीत मी खडसावून विचारलं, "तुम्हाला हे कळलं कसं?"

"ते सांगणार नाही."

"खुनाचा आरोप येईल."

"येऊ द्या."

आवाज चढला नाही, नजर खाली गेली नाही. अटक झाली, नोकरी गेली, तरी उत्तर तेच.

मग एक दिवस मेंढरं राखणारी एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"बाईंला सोडा. म्या बघितलंय. बांधाच्या भांडणात त्येच्याच चुलतभावानं मागनं डोस्क्यात कुऱ्हाडीचा तुंबा घातला. मला म्हनला, बोललीस तर तुजं पोर बी हिरीत. म्या फकस्त बाईंला सांगितलं. माजं नाव घेनार न्हाई, अशी बाईंनी शपत घेतली व्हती."

"मग आज कशी आलीस?"

"त्या माज्यापायी कोठडीत, अन् मी रानात मोकळी? भाकर गिळंना, सायेब."

चुलतभावाला उचललं. तिला समोर पाहताच त्याचा धीर सुटला. मयताच्या वहाणा त्याने स्वतः उकरून दिल्या. पुढे जन्मठेप झाली.

बाईंना सोडताना मी विचारलं, "सरळ ठाण्यात का नाही आलात?"

"खबर दिली की तुम्ही पहिलं विचारता, कुणी सांगितलं? गोष्टीला तसं कुणी विचारणार नाही, असं वाटलं होतं."

नंतर कितीतरी गप्प माणसं माझ्यासमोर बसली. हा काय लपवतोय, याच्याआधी हा कुणाला वाचवतोय, ते मी पाहू लागलो.