गोठा क्रमांक सतरा

कस्तुरा दोन वर्षं गोठ्यात राहत होती आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं आपण खोलीत राहतो. दहा बाय दहाची जागा, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, दाराला हिरवा ऑइलपेंट. लेकीच्या शाळेला रहिवासाचा कागद हवा होता म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली, तेव्हा क्लार्कनं रजिस्टरची पानं उलटून मान हलवली.

"त्या जागेवर खोली नाही हो बाई. गोठा आहे. क्रमांक सतरा."

"मग आमी काय म्हशी हाव का?"

"नोंद तशी आहे," तो म्हणाला, आणि जेवायला गेला.

गारदरे हे कुरुळीच्या पुढचं गाव. तिन्ही अंगांनी कंपन्यांच्या भिंती आल्या तेव्हा गावकऱ्यांनी उरल्यासुरल्या जमिनीवर खोल्या काढल्या. एका ओळीत बारा, समोर तशीच दुसरी ओळ, मधून गटार. हिंगोलीची, लातूरची, कोकणातली, पार बिहारमधली माणसं येऊन त्यात भरली. आता खोली म्हटली की घरपट्टी आली. गोठ्याला कोण विचारतो? म्हणून गावानं एकमतानं सगळ्या ओळी गोठे म्हणून नोंदवल्या. एक ओळ, एक गोठा. गारदऱ्यात एकमत होतं ते असल्याच कामाला. कागदावर एकशेवीस गोठे झाले. प्रत्यक्षात गावातली जनावरं एकेचाळीस, त्यातली निम्मी अर्जुनरावांची. अर्जुनराव म्हणजे सरपंच सुमनताईंचे यजमान. सुमनताई सही करत, बाकी सरपंचकी अर्जुनराव करत.

कस्तुराचा नवरा धम्मरत्न पंचायतीत पाणी सोडायचा. हायवेवर एका कंटेनरनं त्याला उडवलं. पंधराव्या दिवशी अर्जुनरावांचा निरोप आला की व्हॉल्वची चावी परत पाठव. कस्तुरानं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला, चावी दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती कमरेइतकी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून स्वतः पाणी सोडायला गेली. तेवढ्या पगारात दुसरं कुणी मिळेना, म्हणून तिला ठेवलं. "तात्पुरती." त्या तात्पुरतीला आता चार वर्षं झाली.

त्या चार वर्षांत तिला गाव जेवढं कळलं तेवढं ते गावालाही कळलं नव्हतं. कुणाच्या दारात पाणी रस्त्यावर वाहतं आणि कुणाच्या नळाला नुसता फुसफुस वारा येतो, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. जुन्या गावठाणाला रोज दोन तास पाणी. खोल्यांना दर चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत ती व्हॉल्वपाशी अडकलेली, सासू तानुबाईचे गुडघे गेलेले; मग हंडे भरायला उरली कोण? आम्रपाली. दर चौथ्या दिवशी पोरीची शाळा बुडायची, आणि हे दहावीचं वर्ष. सगळ्या गावाला पाणी सोडणाऱ्या बाईच्या घरी पाणी भरायला माणूस नव्हतं.

यावर इलाज एकच होता. टेकाडावर खोल्यांसाठी दुसरी टाकी. ती झाली की रोज पाणी, आणि पोरगी शाळेत. कस्तुराला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. ती दर ग्रामसभेला उभी राहायची, "टाकी," एवढंच म्हणायची आणि खाली बसायची. लोक तिला टाकीबाई म्हणायला लागले. तिला त्याचं काही वाटायचं नाही. ज्यांना रोज दोन तास पाणी आहे, त्यांच्या विनोदाची तिला कीव यायची.

यंदा आराखड्यात एका मोठ्या कामाचा निधी होता, आणि तो कशाला द्यायचा हे ठरवायला पुण्याहून निरंजन नावाचा सल्लागार आला. दाढी कोरलेली, खांद्याला ज्यूटची पिशवी. गाव किती शाश्वत आहे ते तो मोजणार होता. शंभरातले मार्क. त्यानं तीन दिवस गाव मोजलं. म्हणजे तीन दिवस पंचायतीच्या पंख्याखाली बसून रजिस्टरं मोजली. खोल्यांकडं तो एकदाच आला, गटार पाहून पॅंट दुमडली आणि परत गेला.

ग्रामसभेत त्यानं भिंतीवर चित्रं पाडली.

"अभिनंदन! गारदऱ्याचा स्कोअर आहे सत्त्याऐंशी. लोकसंख्या एक हजार नऊशे बारा..."

"ती कधीची?" कस्तुरा मागून म्हणाली.

"दोन हजार अकराची. अधिकृत तीच आहे."

"त्या साली माझी पोरगी रांगत बी नव्हती."

माणसं हसली. निरंजनही हसला, कारण सभेत हसायचं असतं असं त्याला शिकवलेलं होतं.

"ताई, डेटा जो आहे तो आहे. आता बघा, गावाला रोज चार लाख लिटर पाणी. भागिले एक हजार नऊशे बारा. माणशी दोनशे नऊ लिटर! हे गरजेच्या कितीतरी पट जास्त आहे. इथे टंचाई नाही, इथे उधळपट्टी आहे. म्हणून मी जलजागृतीचे फलक सुचवलेत. दात घासताना नळ बंद ठेवा."

"नळ हाय कुठं चालू?"

"आणि गावाची खरी ताकद," तो पुढच्या चित्राकडं वळला, "पशुधन! एकशेवीस गोठे. अशा औद्योगिक पट्ट्यात एवढे गोठे टिकवलेत, हे विलक्षण आहे. त्यामुळे माझी शिफारस आहे, सामूहिक गोबरगॅस प्रकल्प."

सभेतल्या प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक होतं की त्या गोठ्यांत काय आहे, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात त्याचं भाडं होतं. कस्तुरानं एकेका तोंडाकडं पाहिलं. कुणी छताकडं बघत होतं, कुणी मोबाइलमध्ये. एवढी मोठी मिशीवाली माणसं, आणि एकाला तोंड उघडायची छाती नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

"शेण कुणाचं घालणार?" कस्तुरानं विचारलं.

"कस्तुरे, खाली बस," अर्जुनराव म्हणाले. "समदं ठरल्यालं हाय."

"बसते. पर त्या गोठ्यात आमी राहतोव, तेवढं त्या सायबाला सांगा."

निरंजननं वहीत काहीतरी टिपलं. नंतर अहवालात ते असं आलं: 'पशुपालक कुटुंबांचा जनावरांशी घनिष्ठ सहवास.' त्याचे दोन मार्क वाढले.

एकोणनव्वद मार्कांचा आणखी एक त्रास झाला. गाव तालुक्यात पहिलं आलं आणि पुरस्कारासाठी तपासणी लागली. गुरुवारी सकाळी अकराला पथक येणार, गोठे बघणार. मग अर्जुनरावांना घाम फुटला. बुधवारी ते स्वतः ओळींत आले. एरवी भाडं घ्यायलाही माणूस धाडत.

"उद्या कुणी बाहेर फिरकायचं न्हाई. थर्ड शिफ्टवाल्यांनी दार लावून गप झोपायचं. सेकंडवाल्यांनी दोनपतुर आतच बसायचं. कपडे, दोऱ्या, गाड्या समद्या आत. आणि ह्या सतरा नंबरच्या ओळीतल्या पुढच्या सात खोल्या मोकळ्या करायच्या. जनावरं बांधायचीत."

"माझी पाच नंबरची हाय," कस्तुरा म्हणाली.

"मग तीबी."

"आमी कुठं जायचं?"

"आगं, चार घंट्याचा तर सवाल हाय! म्हातारीला समाजमंदिरात बसीव. गावाच्या इज्जतीसाठी येवढं करता येत न्हाई व्हय तुला?"

कस्तुरानं ओळीकडं पाहिलं. पंचवीस-तीस माणसं उभी होती, कुणाच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट, कुणाच्या हातात टूथब्रश. सगळे माना डोलवत होते. मालकानं उद्या श्वास घेऊ नका म्हटलं असतं तरी यांनी आधी किती वेळ ते विचारलं असतं. तिला मालकाचा राग आला, पण किळस आली ती या डोलणाऱ्या मानांची. आणि आपली मान डोलली नाही, तरी आपण अंथरूण गोळा करतोच आहोत, याची तर सगळ्यात जास्त.

गुरुवारी पाच नंबरच्या खोलीत, जिथं आम्रपाली अभ्यासाला बसायची तिथं, अर्जुनरावांची पांढरी गाय बांधली. गायीनं आत येताच दहावीच्या कॅलेंडरचं एक पान खाल्लं. दारात रांगोळी काढली, गायीच्या शिंगांना रिबिनी बांधल्या. बाकीची दारं बंद. पंधराशे खोल्यांची वस्ती मेल्यासारखी पडून राहिली.

पथकाच्या प्रमुख विजयश्री मॅडम गाडीतून उतरल्या. डोळ्यांवर गॉगल, हातात फॉर्मांचा गठ्ठा. निरंजन दोन पावलं पुढं, अर्जुनराव दोन पावलं मागं.

"वा, स्वच्छ आहे. बाकीचे बंद का?"

"जनावरं चरायला गेलीत, मॅडम," अर्जुनराव म्हणाले.

"कुठे चरायला?" मॅडमनी तिन्ही बाजूंच्या कंपन्यांच्या भिंतींकडं बघत विचारलं.

"हितंच. पल्याड."

कस्तुरा ओळीच्या टोकाला व्हॉल्वच्या खड्ड्याशी उभी होती. आज खोल्यांची पाळी नव्हती. ती शनिवारी. तिनं एकदा आपल्या दारातल्या गायीकडं पाहिलं, खड्ड्याचं झाकण सरकवलं, चावी घातली आणि सगळा जोर लावून फिरवली.

आधी नळांतून वारा आला. फुस्स. खोल्यांत राहणाऱ्या माणसाला कुणी मेल्याची बातमी दिली तर तो पडल्या पडल्या ऐकेल, पण हा आवाज आला की तो झोपेतून उठतो. कुठल्याशा बंद दारामागं हंडा आपटला. बाई ओरडली, "पाणी आलं!" आणि मग कसली इज्जत आणि कसला मालक! धडाधड दारं उघडली. बनियनवर, टॉवेलवर, अर्ध्या साबणात, निळ्या शर्टात, कडेला पोर घेऊन माणसं बाहेर पडली. हंडे, बादल्या, ऑइलचे डबे, प्रेशर कुकर. दोन मिनिटांत पुढच्या चार ओळींतली दीडशे-दोनशे माणसं गटारावर उभी राहून भांडत होती. निरंजनच्या बुटावरून एक पिंप घरंगळत गेलं.

विजयश्री मॅडमनी गॉगल काढला.

"ही माणसं कुठून आली?"

"पाव्हणे हायेत," अर्जुनराव म्हणाले. "लगीन हाय."

"कुणाचं?"

अर्जुनरावांनी आजूबाजूला पाहिलं. जवळ रिबिनी बांधलेलं असं एकच कुणी होतं.

"गायीचंच म्हणा की," कस्तुरा खड्ड्यापासून म्हणाली. "नटवून तर तिलाच उभं केलंय."

मॅडमना माणसांची दया आली, असं कुणी समजू नये. त्या फॉर्मांवर सही त्यांची होणार होती आणि सहीला त्या घाबरत होत्या. "याची चौकशी लागली तर मी काय सांगू? गायी हंडे घेऊन आल्या?" असं त्या निरंजनवर खेकसल्या. मग त्यांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूला रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "पुरस्कार राहू द्या. आधी माणसं मोजू. जेवढी निघतील तेवढ्यांसाठी आराखडा परत करा. टाकी, गॅस, काय ते नंतर."

टाकी हा शब्द त्यांच्या तोंडून आला, तेव्हा कस्तुरानं चावी खाली ठेवली.

मोजणी सुरू झाली आणि माणसांनी आपली लायकी दाखवली. अर्जुनराव मॅडमच्या खांद्यामागून प्रत्येकाकडं बघत चालले होते.

"इथे किती राहता?"

"एक," एक जण म्हणाला. मागं दारात चार टूथब्रश अडकवलेले.

"इथे?"

"कोणी नाही. मी सहज आलतो."

"टॉवेलावर सहज आलास?" कस्तुरा पुढं झाली. "मॅडम, लिवा, पाच. हा, ह्याचा भाऊ, दोघं थर्ड शिफ्टचे, आन् एक बिहारी, त्याचं नाव मुन्ना. पुढच्या खोलीत सहा हायत. बाई पोटुशी हाय, पर ते अजून मोजू नका."

"ए कस्तुरे, आमचं भाडं वाढंल की!" टॉवेलवाला कुजबुजला.

"मग हो गाय. गायीला भाडं नसतंय."

असं खोलीमागून खोली. कुणाकडं किती हंडे भरतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून माणसं किती हेही ठाऊक होतं. खोटं बोलणारा बोलायच्या आत ती आकडा सांगायची आणि तो माणूस तिच्याकडं असं बघायचा की जणू तिनंच त्याला लुटलंय. शिव्या तिनं मोजल्या नाहीत. पहिल्या चार ओळींचे दोनशे अकरा झाले, आणि ओळी अजून एकशेसोळा होत्या.

मग मागं ठेवलेल्या, जनावरं बांधलेल्या खोल्यांची पाळी आली. सतराव्या गोठ्याची पाच नंबरची खोली. दारात गाय रवंथ करत उभी होती.

"इथे?" मॅडमनी विचारलं.

अर्जुनराव आता मागून पुढं आले. आवाज एकदम शांत. "हितं कोण न्हाई, मॅडम. गायच हाय. ही बाई ऱ्हायची आधी. उद्यापासनं न्हाई ऱ्हात. पंचायतीत कामालाबी न्हाई."

मॅडमचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी कस्तुराकडं पाहिलं. मागं अख्खी ओळ हंडे खाली ठेवून बघत होती. डोलणाऱ्या माना आता एकदम ताठ होत्या. गंमत बघायला लोकांच्या माना नेहमीच ताठ होतात.

कस्तुरानं गायीची दोरी सोडली. गाय सहज बाहेर आली. तिलाही त्या दहा बाय दहात कंटाळाच आला होता. कस्तुरानं दोरी अर्जुनरावांच्या हातात दिली.

"उद्याचं उद्या बगू, अण्णा," ती म्हणाली. "आज किती राहतेत ते मोजायलेत ना? मॅडम, लिवा. तीन."